पाच नंबरचा पाय

"साहेब, सव्वातीनची गाडी गेली का हो?"

"गेली," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बस आगाराच्या चौकशी खिडकीवर तिची नोकरी होती. पूर्वी फोनवर कुणी साहेब म्हटलं की ती हसून चूक दाखवायची. आता आवाजच इतका घोगरा झाला होता, की चूक दाखवली तर समोरचा ओशाळायचा आणि त्याच्याहून जास्त ती. त्यापेक्षा साहेब होऊन गाड्यांच्या वेळा सांगितलेल्या बऱ्या, असं तिने ठरवून टाकलं होतं.

आवाज एक वेळ फोनमागे झाकता येतो. चेहऱ्याचं काय करायचं? नाक पसरलं होतं, हनुवटी पुढे आली होती, खालच्या दातांत फटी पडल्या होत्या. बोटं इतकी जाड झाली की लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. "सूज आहे, उतरेल," सोनार म्हणाला होता. ती काही उतरली नाही. नवरा-बायको नणंदेकडे जेवायला गेले, तर नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनीला आता नाकापेक्षा मोती जड व्हायची भीती नाही हं!" सगळे हसले. तीही हसली. दातांतल्या फटी दिसू नयेत म्हणून तिने तोंडावर हात धरला, तर तो हातच सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवरा तेवढा हसला नव्हता. तो मान खाली घालून जेवत राहिला आणि तेच तिला जास्त लागलं. अलीकडे तो तिच्या चेहऱ्याकडे बघतच नसे. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं बूट शिवायचं दुकान होतं. संध्याकाळी ती कामावरून आली की तो चामड्यावरची नजर उचलून थेट तिच्या पायांवर ठेवायचा, "बूट चावत नाहीत ना?" एवढं विचारायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. आपल्या माणसाला आपली लाज वाटते, हे कळायला बाईला फार हुशारी लागत नाही.

एका गोष्टीचा मात्र तिला अभिमान होता. पायांचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवऱ्याने तिच्या पायाचा लाकडी फरमा कोरला, त्यावर बूट शिवले आणि तळाला पाच नंबरचा ठसा मारला. तेव्हापासून ती त्याच्याच हातचे बूट घालत आली. बाजारात एखादी जोडी नुसती घालून बघते म्हटलं, तरी तो चिडायचा. "बूटवाल्याची बायको दुसऱ्याचे बूट घालणार? मग मी काय माशा मारत बसू?" तो दरवर्षी नवी जोडी करून द्यायचा आणि तळाला पाचच असायचा. सगळं अंग फितूर झालं होतं, पाय तेवढे इमानी राहिले होते.

पुढे पुढे तिला कडेचं दिसेनासं झालं. खिडकीशी डावीकडे उभा असलेला प्रवासी बोलल्याशिवाय कळेना. कपाळ ठणकायचं ते वेगळंच. आगारप्रमुखांनी टोकलं तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली, तीही एकटीच. आपल्याबरोबर रस्त्याने चालायची शिक्षा नवऱ्याला कशाला द्यायची?

डॉक्टर बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती चोरट्यासारखी खाली बघू लागली.

"बाई, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्यूटरी. तिच्यात गाठ झाली की मोठ्या माणसाचीही हाडं वाढतात. चेहरा, हात, पाय, सगळं रुंदावतं. गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबते. वेळेत काढली तर ठीक, नाहीतर गेलेली नजर परत येईलच असं नाही. बुटांचा नंबर वाढलाय का?"

"मुळीच नाही." कितीतरी दिवसांनी तिने मान वर करून काही सांगितलं होतं. तिने बूट काढून पुढे केला.

डॉक्टरांनी तो उलटा केला, तळावरचा आकडा वाचला. "किती वर्षं हाच?"

"लग्नापासून."

"मग ते नसणार. या वयात तोंड सुजतं, आवाज बदलतो. चष्मा करून घ्या. सहा महिन्यांनी दाखवा."

तिचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन तिने दारातूनच सगळं सांगितलं. "पायांनी वाचवलं बघा! नाहीतर आंधळीच व्हायची होते मी."

नवऱ्याची हातोडी थांबली. "तू काय सांगितलंस त्यांना?"

"खरं तेच. बूटच काढून दाखवला."

त्याची नजर पुन्हा तिच्या पायांवर गेली. तिचा कधीपासूनचा बांध फुटला. "तुम्हाला माझी लाज वाटते, कळतं मला. नका बघू तोंडाकडे. पण आज निदान बरं वाटलं एवढं तरी म्हणा!"

तेव्हा त्याने वर पाहिलं, सरळ तिच्या चेहऱ्याकडे. त्याचाच चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुझी नाही गं वाटत लाज." तो उठला, त्याने अंगावरचं चामड्याचं फडकं सोडून टाकलं. "चल. दवाखाना बंद व्हायच्या आत पोचू."

"आत्ताच आले ना मी तिथून! कशाला परत?"

"अंगठी कापली त्या दिवशी तू किती रडलीस. पायाचं सांगायचा मला धीर झाला नाही." त्याने तिचा हात धरला. "दर जोडीला फरमा वाढवत गेलो. तुझा पाय आठचा झालाय गं. पाचाचा ठसा मी मारत आलोय."