पहिलीची बरणी

“ही साल तुझ्या बरणीतली ना?” काढ्याचा एकच घोट घेऊन घड्याळजीनं कप खाली ठेवला.

“हो. परवाच सोललीये. कोवळ्या फांदीची.”

“तरीच. तिच्या सालीची सर नाही येत.”

तिच्या म्हणजे पहिल्या बायकोच्या. तिला जाऊन पाच वर्षं झाली, पण रोज सकाळी तिचं नाव निघाल्याशिवाय या घरात काढा काही घशाखाली उतरत नसे. घड्याळजीची बोटं आखडली होती. इवलासा स्क्रू चिमट्यातून दोनदा निसटला.

“तिच्यातली दे गं चिमूटभर. अकराला गिऱ्हाईक येईल.”

दुसरी बायको स्वयंपाकघरात गेली. फळीवर दोन बरण्या होत्या. एकीवर पहिलीच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली: वाळुंजाची साल. सांधेदुखीवर. दोन चिमटी, आच मंद. त्या बरणीतली साल गेल्याच वर्षी संपली होती. नवरा हिरमुसेल म्हणून हिनं गुपचूप आपली भरली आणि तिथंच फसली. आता दोन्ही बरण्यांत एकाच झाडाची, एकाच सुरीनं, हिनंच सोललेली साल होती.

दुसरा काढा पोटात गेला आणि पंधरा मिनिटांत बोटं मोकळी झाली. स्क्रू पहिल्याच झटक्यात बसला.

“बघ. तिच्या हाताला गुणच होता.”

हिच्या अंगाचा तिळपापड झाला. सवत समोर असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. भिंतीवरच्या फोटोचं काय उपटणार? आज सांगूनच टाकायचं, असं तिनं ठरवलं.

“अहो, त्या बरणीतली साल...”

“संपत आली का?” त्याचा हात थांबला. चेहरा पार उतरला.

“नाही. आहे अजून.”

आत येऊन तिनं ओल्या अंगठ्यानं ती चिठ्ठी रागारागानं घासली. शाई पसरली, ‘दोन चिमटी’ दिसेनासं झालं. जिवाला जरा बरं वाटलं. एवढ्यात बाहेर घड्याळ सुरू झाल्याची टिकटिक आली आणि पाठोपाठ त्याची शीळ.

तिनं फडक्यानं चिठ्ठी टिपली, पेन घेतलं आणि गेलेली अक्षरं गिरवायला बसली. वर्षातली ही तिसरी वेळ. पहिलीचं वळण आता तिच्या हातात चांगलं बसलं होतं.