पंधरा मिनिटांवरची बहीण

“मावशी, बरणी इथेच राहू द्या. मुरंबा पातळात मोडतो,” ओडवार म्हणाला. नॉर्वेच्या उत्तर टोकावरच्या बर्लेवोगच्या चिमुकल्या विमानतळावर सामान तपासायला तो एकटाच.

“पातळ? चमचा उभा राहतो त्यात, मेल्या! कडेवर घेऊन फिरवलंय तुला मी.”

“म्हणून तर जीवावर आलंय. पण नियम आहे.”

झालं! बावीस वर्षांनी धाकट्या बहिणीला, आस्लौगला, भेटायला निघालेली योरुन रिकाम्या हातानं विमानात चढली. आस्लौगच्या गावाला, मेहाम्नला, रस्त्यानं जायचं तर खाड्यांना वळसे घालत तीनशेच्या वर किलोमीटर. विमानानं पन्नाससुद्धा नाहीत, जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्यात पहिलं वाक्य सुचायला हवं होतं. आस्लौगच्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

विमान उठलं आणि लगेच खाली ती जागा आली. दोन तळी, मधे फुटका खडक, भोवती मुल्ट्यांची, म्हणजे केशरी रानबोरांची, पाणथळ; बरणीतला मुरंबा तिथलाच. चरणारं एकेक रेनडियर मोजता यावं इतकं जवळ. ही जागा आईनं फक्त योरुनला सांगितली होती. मुल्टे कुठे पिकतात हे सख्ख्या माणसालाही सांगायचं नाही, ही तिकडची रीतच. आईला पुरून आल्यावर आस्लौगनं हात धरून विचारलं, तरी योरुन बोलली नाही. “मग बस तुझी बोरं कवटाळून,” म्हणत आस्लौग मेहाम्नला गेली, ती गेलीच.

ढग आले. पंख्यांच्या घरघरीत योरुनचे डोळे मिटले. आई पुढे चालली होती, मागे दोघी बहिणी, दोघींच्या हातात बादल्या. आस्लौग मुल्टे तोंडात कोंबून हसत होती. असं कधी घडलंच नव्हतं. योरुनला वाटलं, हे विमान असंच तरंगत राहावं.

“पट्टा बांधा हं, आलं मेहाम्न,” हवाईसुंदरीनं खांद्याला हात लावला.

विमानतळाच्या दारातच चाकांच्या खुर्चीत आस्लौग होती. वाळून काडी झालेली.

“रिकाम्या हातानं आलीस, ताई?”

योरुन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि कानाशी लागून म्हणाली, “दोन तळ्यांच्या मधे. फुटक्या खडकाच्या डावीकडे.”

“ठाऊक आहे गं. आठ वर्षं दवाखान्याच्या खेपा घालतेय याच विमानानं. ऑगस्टमधे लाल रुमाल बांधून वाकलेली दिसायचीस.”

योरुन चरकली. “कुणाला बोलली नाहीस ना?”

“छे! कुणाला सांगणार?” आस्लौगनं तिचा गार पडलेला हात मांडीवर ओढून घेतला. “हात करायचे मी, दर वेळी. तू कधी वर बघितलंच नाहीस.”