दोघांकडे सांगितलेला बांगडा

किती पेट्या बांगडा हवा, तो आकडा शीतगृहाला दुपारच्या आत कळवायचा होता, म्हणून व्हर्नानं शेवटी एलोईच्या शेडचा उंबरा ओलांडला. शेवंड पकडायच्या पिंजऱ्यांत आमिष म्हणून घालायचा बांगडा दोघंही एकाच धक्क्यावर विकत, आणि एकमेकांकडे बघतही नसत.

"काय गं, उसना बांगडा न्यायला आलीस?" एलोईनं विचारलं.

"तुझ्याकडे कुणी कुणी पेट्या सांगितल्यात?"

"सांगतो ना! बरोबर चहा देऊ की कॉफी?"

तिला हसू आलं नाही. यंदा बांगडा मिळणार नाही अशी आवई उठली होती आणि सगळं बंदर हवालदिल होऊन आमिष मागत सुटलं होतं. गेल्या मोसमातही हेच झालं. ऐन वेळी निम्म्यांनी पाठ फिरवली आणि तिचा माल जागीच कुजला. पुन्हा तसं झालं तर शेडला कुलूप लागणार होतं. कमी मागवावा, तर गिऱ्हाईक एलोईकडे जाणार.

"एकच माणूस दोघांकडे सांगतोय, एलोई. नावं ताडून बघू. जो दोघांकडे असेल, त्याला एकानंच माल द्यायचा."

"आणि तू गेल्यावर मी सगळा माल मागवला तर?"

"तर मी बुडाले."

एलोईची चेष्टा थांबली. गेल्या वर्षी त्याच्या शेडचाही वास अख्ख्या धक्क्यानं सोसला होता. त्यानं तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

एकेक नाव निघू लागलं. मर्डॉक दोघांकडे होता. "लबाड! ठेव तुझ्याकडे," एलोई म्हणाला. त्याचा मेहुणाही दोघांकडे. "हा माझा," तो म्हणाला. व्हर्नाला जरा श्वास घेता आला. मग एलोई खिडकीबाहेरच्या बोटींकडे बघू लागला.

"संपले?"

"एक राहिलाय."

"मग बोल की!"

"क्लेटन."

कालच व्हर्नाकडे जेवताना तिचा मुलगा क्लेटन म्हणाला होता, "आई, माझ्या पेट्या विसरू नकोस हं."

"घाबरलाय गं पोरगा," एलोई म्हणाला. "नवी बोट आहे त्याची. मनाला लावून घेऊ नकोस. तुझा तुझ्याकडेच घे."

शीतगृहाला फोन लावायला तिनं त्याच्या टेबलावरचा फोन जवळ ओढला.

"नको. त्याचा माल तूच दे," ती म्हणाली. "ताज्यातला दे. माझा माल कमी पडला, असं मी सांगेन त्याला. आणि मला कळलंय, हे त्याला सांगू नकोस."