रविवारची शिकवणी

अभयने तिसरी क्वेश्चन बँक विकत घेतली, तेव्हा मैत्री तेच एक जाडजूड पुस्तक दुसऱ्यांदा वाचत होती.

दोघंही पुण्यातल्या एकाच रुग्णालयात अस्थिरोगाचे निवासी डॉक्टर. अंतिम परीक्षा तोंडावर आलेली, आणि अभयची ही दुसरी खेप. त्याच्याकडे दिल्लीच्या क्लासचे व्हिडिओ होते, मोबाइलवर ॲप्स होती, टेबलावर पुस्तकांची चळत होती. तरी राउंडला काही विचारलं की तो अडखळायचा आणि मैत्री शांतपणे उत्तर देऊन मोकळी व्हायची.

मग त्याला कळलं, की ती दर रविवारी येरवड्याला ओव्हाळ सरांकडे जाते.

ओव्हाळ सर म्हणजे हाडांच्या शस्त्रक्रियेतलं मोठं नाव. निवृत्तीनंतर ते कुणालाच भेटत नव्हते. अभयने फोन केला होता, तेव्हा त्यांच्या पत्नीने, कांताबाईंनी, नम्रपणे नाही म्हटलं होतं. मैत्रीला मात्र दार उघडं.

ते काही त्याच्या घशाखाली उतरेना. कँटीनमध्ये त्याने सहजच विचारल्यासारखं विचारलं, की सर सध्या काय घेतायत.

"सर आता शिकवत नाहीत रे," ती म्हणाली. "मी आपली जाऊन बसते."

"बस की. आम्ही कुठे अडवलंय?"

त्याच आठवड्यात त्याने विभागप्रमुखांच्या कानावर घातलं, की मैत्रीला रविवार कायम मोकळा असतो, बाकीच्यांनी किती ओढायचं. पुढच्या रविवारी तिला कॅज्युअल्टी लागली. ड्युटी बदलून मिळावी म्हणून तिने सगळ्यांना विनवलं, अभयलाही. लोणी काळभोरला मावशीकडे जायचंय, असं त्याने सांगितलं.

आणि तो येरवड्याला गेला. दार कांताबाईंनी उघडलं. मैत्रीनेच पाठवलंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला. "बरं झालं आलात. हे सकाळपासून तयार होऊन बसलेत," त्या म्हणाल्या.

सर खिडकीपाशी बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी अभयला समोरची खुर्ची दाखवली. नाव विचारलं नाही, काही नाही. थेट स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या.

म्हणजे तोंडी परीक्षा. शिकवत नाहीत म्हणे! अभय सावरून बसला आणि सुरू झाला. सांधा, त्याचे अस्थिबंध, रक्तपुरवठा, शस्त्रक्रियेचे मार्ग. एकदाही अडखळला नाही. संपवून त्याने विजयाने वर पाहिलं.

सरांचे डोळे भरून आले होते. बोट अजून गुडघ्यावरच होतं.

"एवढं नका हो सांगू," कांताबाई हळूच म्हणाल्या. "मेंदूचा झटका आल्यापासून शब्दच हरवलेत यांचे. मैत्री नुसतं 'गुडघा' म्हणते, आणि यांना म्हणता येईपर्यंत थांबते."