नर की पिल्लं

डॉ. खांबेटे पडद्यावर आलेख दाखवत होते. सरोवराच्या गाळात तिळाहून बारीक जीवांची कवचं थरावर थर जपली गेली होती. संकट आलं की या जीवांमध्ये नर वाढतात. तीनशे वर्षांपूर्वीच्या थरात नर एकदम वाढलेले दिसले, म्हणजे तेव्हा सरोवर आटलं होतं, असा त्यांचा दावा होता. सभागृहात टाळ्या झाल्या.

मागच्या रांगेतून शर्वरी उठली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. तीन वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती सगळी कवचं तिनंच मोजली होती. त्यावर छापून आलेल्या लेखावर मात्र नाव एकट्या सरांचं होतं.

“सर, हे नर नाहीत,” ती शांतपणे म्हणाली. “ही अर्धवट वाढलेली पिल्लं आहेत. पूर्ण वाढलेल्या कवचाची आतली कड रुंद असते. इथे ती नाहीच.” तिनं आणलेली छायाचित्रं पडद्यावर लागली.

परिषदेच्या अध्यक्षांनी ती दोनदा मोठी करून पाहिली. “खांबेटे, ही बरोबर सांगतेय. लेख मागे घ्यावा लागेल तुम्हाला.”

चहाच्या वेळी सरांजवळ कुणी फिरकलं नाही. त्यांनीच शर्वरीला गाठलं. “हे तुला कधी कळलं?”

“गेल्या वर्षी. सांगायलाच तुमच्या खोलीत आले होते. टेबलावर छापायला निघालेला लेख दिसला, आणि परत फिरले.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

या प्रश्नाची ती वर्षभर वाट पाहत होती.

“त्या लेखात मी कुठे होते, सर?”