ठाकठोक
एमआरआय तपासणीच्या अरुंद नळीत सरकवलं तेव्हाच म्हाताऱ्या सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. “भीती वाटली तर हा रबरी फुगा दाबा, काका,” म्हणत मशीनवरच्या मुलीने हातात दिलेला फुगा घामेजल्या मुठीतून निसटला. आता हाक मारायचीही सोय उरली नाही. छप्पर नाकाला टेकायला आलेलं. त्यात मशीनची ठाकठोक सुरू झाली आणि तो मनातल्या मनात धावा करू लागला, “येशू, बाहेर काढ! येशू, बाहेर काढ!” मग बायकोचं बोलणं आठवलं, “अहो, सारखं मागता काय? कधी नुसतं त्याच्याजवळ गप्प बसा की.” त्याने डोळे मिटले, मागणं सोडून श्वासागणिक फक्त नाव घेतलं. छातीतली धडधड थांबली नाही, पण तो ठोकणं ऐकत राहिला. बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, “घाबरलात?” “घाबरलो तर! पण येशूही सुतारच ना, पोरी. सगळा वेळ शेजारी ठोकत होता.”