एस्तेवे मास्तरांचा इतिहासाचा तास

"पाद्र्यावाचून त्याला मरू देऊ नकोस. काहीही कर, पण ते पाप उरावर घेऊन त्याला जाऊ देऊ नकोस."

भावाबद्दलचं आईचं हे शेवटचं बोलणं रेमेयच्या कानातून जात नव्हतं, आणि समोर एस्तेवे मास्तर चर्चनं पाखंडी ठरवलेली माणसं जाळायची जुनी रीत सांगत होते.

"लाकूड ओलं घ्यायचे," मास्तर म्हणाले. "कोरड्यावर माणूस लवकर सुटतो. आणि तिकडं फ्रान्सात, बेझिएर गावात तर मग्दालेनाच्या देवळात शिरलेली बायकापोरं तिथंच कापली. कापणाऱ्यांच्या छातीवर क्रूस होता."

"मास्तर, ते देवाला काय तोंड दाखवायचे?" तेक्लानं विचारलं.

"देवाच्याच नावानं करतो, म्हणायचे."

"आपण बरे!" मागून क्रांतिकारकांचा कमांडर पालाऊ ओरडला. "आपण मारताना कुणाचं नाव घेत नाही!"

सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले.

वर्ग भरत होता तो लुटलेल्या चर्चमध्येच. न येणाऱ्याचा पाव बंद होई, म्हणून रेमेय येई. मास्तर सांगत त्यात खोटं काही नव्हतं, हेच तिला सोसत नसे. स्पेनमधल्या यादवी युद्धाच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात पालाऊच्या माणसांनी गावातले सगळे पाद्री संपवले होते. शेवटचा दारूच्या पिंपात सापडला, त्याला पिंपासकट भोसकलं.

तिचा भाऊ ब्लाय याच देवळाची घंटा वाजवायचा. आग लावायला आलेल्या एका पोरावर त्यानं घंटाघरातून बंदूक झाडली. पोरगं जागीच गेलं. उद्या पहाटे ब्लायला स्मशानाच्या भिंतीशी उभं करणार होते.

तास सुटल्यावर तिनं तेक्लाला बाजूला घेतलं. "ब्लायची पापकबुली ऐकायला कुठं एखादा लपलेला उरला असेल का गं? खरं सांग."

"पाद्री? असता तर मास्तरांनीच हुडकला असता, बाई. धुपाचा वास त्यांना कोसावरून येतो."

तुरुंगाच्या गजांमागून ब्लायनं तिचा चेहरा पाहिला आणि काय ते समजला.

"नाही मिळाला ना, ताई?"

"नाही रे."

"मग त्या पोराचं रक्त हातावर घेऊनच जायचं. उद्या मास्तर येतील?"

"त्यांना काय चुकतंय? सगळ्यांच्या वेळी येतात."

मास्तरांचा तो धडाच होता. गोळी घालायच्या आधी ते वर्गाला घेऊन जात. शिपायांना मागे सरकवत, "पोरांना नीट दिसू दे," म्हणत. मग मरणाऱ्याची मान पकडून डोकं आपल्या छातीशी ओढत, सगळ्यांना ऐकू जाईल असे धर्माचे गुन्हे मोजत, आणि मधूनमधून त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजत. फार घाण शिव्या देतात, असं पोरं सांगत. भलेभले रडत.

"त्यानं तुला हात लावला, तर मी त्याला जिता ठेवणार नाही," रेमेय म्हणाली.

"नको, ताई. घरात एक खून पुरे आहे."

"वचन आहे माझं."

पहाटे त्यांनी ब्लायला ढकलत आणलं. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. मास्तर पुढं झाले, त्यांनी त्याची मान धरली.

"हा बघा, घंटा बडवणारा!" ते गरजले. "याच घंटा वाजवून यांनी बायकांना चेटकिणी म्हणून चितेवर चढवलं!"

मग कानाशी तोंड गेलं. ब्लायनं हिसका देऊन मान मागं घेतली आणि मास्तरांकडं बघतच राहिला. पुन्हा त्यांनी त्याला ओढलं. त्याचे ओठ हलले. बोलता बोलता तो मास्तरांच्या खांद्यावर कपाळ टेकून हुंदके देऊ लागला.

"रडवला!" पोरं खिदळली. "मास्तर, याला लवकर रडवलंत!"

मास्तरांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि बाजूला झाले. बंदुका वाजल्या. ब्लाय पडला, पण पाय झाडत होता. पालाऊनं जवळ जाऊन पिस्तुलानं काम पुरं केलं.

बाकीचे कॉफी प्यायला गेले. मास्तर एकटेच भिंतीमागच्या विहिरीकडं निघाले. रेमेय त्यांच्यामागं गेली. ओच्यात वेली छाटायची सुरी होती. मास्तर हात धुवायला वाकले, तेव्हा तिनं ती बरगडीखाली मुठीपर्यंत खुपसली, ओढून काढली आणि पुन्हा खुपसली.

मास्तर विहिरीच्या कठड्याला टेकून खाली बसले.

"माझ्या भावाला पाद्री मिळाला नाही," ती म्हणाली. "तूही तसाच मर."

त्यांनी रक्ताळलेल्या हातानं तिची मान पकडली आणि डोकं आपल्या छातीशी ओढलं. तिनं डोळे मिटले. आता शिव्या ऐकायच्या.

"पस्तावतेस, पोरी?" त्यांनी कानात विचारलं.

तिला काहीच उमगेना. आपले हात बघून तिला रडू फुटलं आणि तोंडून "हो" निघून गेलं.

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला पापातून मोकळी करतो," मास्तर लॅटिनमध्ये म्हणाले आणि त्यांनी अंगठ्यानं तिच्या कपाळावर क्रूस काढला. कबुलीच्या खोलीत लहानपणापासून ऐकलेले तेच शब्द, जे पाद्र्याखेरीज कुणी उच्चारायचे नसतात.

रेमेय थिजली.

"उद्या तिघं आहेत," मास्तरांना धाप लागली होती. "आता मोकळं करणारा कुणी नाही. पण पश्चात्तापाची प्रार्थना कुणीही सांगू शकतं. कानात सांगशील? वचन दे."

तिनं दिलं.

दुपारी वर्गात पालाऊ टेबलावर मूठ आपटत होता. मास्तरांचा खून फॅसिस्टांनीच केला, सूड घेऊ, उद्या त्या तिघांना सोडणार नाही, असं तो ओरडत होता. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "पण आता इतिहास शिकवणार कोण?"

मागच्या बाकावरून रेमेय हळूच उठली आणि फळ्याकडं चालू लागली.